सोर्समधून लिनक्स कर्नल बिल्ड केला की दर दोन-तीन व्हर्जननंतर तोच पॅनिक, अननोन-ब्लॉक(०,०): हे परत परत का होतं आणि कायमचं कसं थांबवायचं

कंपाइल नीट झालं, एकही एरर नाही, मॉड्यूल्स (कर्नलला लागतील तसे लोड होणारे ड्रायव्हरचे तुकडे) बसले, ग्रबच्या (बूट करताना कर्नल निवडून लोड करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेनूत नवीन एन्ट्री दिसली, रीबूट केलं आणि काळ्या स्क्रीनवर शेवटची ओळ काय, तर कर्नल पॅनिक, नॉट सिंकिंग, व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०), म्हणजे सिस्टिमचं मुख्य पार्टिशन, रूट, कर्नलला उघडता आलं नाही. कीबोर्ड ढिम्म, पॉवर बटण दाबून धरल्याशिवाय मशीन बंद होत नाही. मग जुन्या कर्नलमध्ये जायचं, शोधाशोध करायची, एक जण सांगतो इनिटरॅमएफएस (रूट सापडेपर्यंत मेमरीत चालणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) परत बनव, दुसरा सांगतो एक्स्ट-४ फाइलसिस्टिम बिल्ट-इन कर, म्हणजे मॉड्यूल न ठेवता कर्नलच्या आतच घे, तिसरा सांगतो ग्रब अपडेट कर, तिन्ही करून बघायचं, त्यातल्या कशाने तरी चालू होतं, आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि कशाने चालू झालं ते बघतच नाही. दोन-तीन महिन्यांनी पुढचं व्हर्जन घेतलं की परत तीच ओळ.

माझ्याकडे हे चार वेळा झालं, एकाच लॅपटॉपवर. चौथ्या वेळी मी ठरवलं की आता नीट मुळापर्यंत जायचं, आणि तेव्हा कळलं की चारही वेळा कारण वेगळं होतं. ओळ तीच, आजार चार. म्हणूनच मागच्या वेळचा उपाय पुढच्या वेळी लागू पडत नव्हता आणि मला वाटत होतं की केलेला उपाय टिकत नाहीये. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी एक सांगतो, कमांड आणि ऑप्शनची नावं मी बोलताना म्हणतो तशीच इथे लिहिलीयेत, टर्मिनलवर टाकताना नेहमीच्या स्पेलिंगमध्ये टाका.

तर पहिलं काम म्हणजे शेवटची ओळ सोडून तिच्या वरच्या ओळी वाचायच्या. सगळे जण फोटो काढतात तो पॅनिकच्या ओळीचा आणि खालच्या कॉल ट्रेसचा, पण खरी माहिती त्याच्या आधी येऊन गेलेली असते. कर्नल आधी म्हणतो कॅनॉट ओपन रूट डिव्हाइस, आणि पुढे कोणतं रूट शोधत होता ते लिहितो, मग म्हणतो की करेक्ट रूट ऑप्शन द्या, हे बघा मला दिसलेले पार्टिशन्स, आणि त्याखाली यादी येते. ही यादीच सगळं सांगते. अडचण एवढीच की कॉल ट्रेस येऊन ती वर ढकलली जाते, आणि पूर्वी शिफ्ट धरून पेजअप दाबलं की कन्सोल वर जायचा, ते ५.९ पासून कर्नलमधून काढून टाकलंय, आणि तसंही पॅनिकनंतर कीबोर्ड काही ऐकत नाही. मी काय करतो, ग्रबमध्ये एन्ट्रीवर ई दाबून क्वाएट आणि स्प्लॅश हे दोन शब्द खोडतो आणि मोबाइल स्टँडला लावून बूटचा स्लो मोशन व्हिडिओ काढतो. मग आरामात एक एक फ्रेम थांबवून वाचायचं. याच्याइतका स्वस्त आणि भरवशाचा मार्ग मला अजून सापडलेला नाही, सिरीयल पोर्ट आजकालच्या लॅपटॉपला नसतोच.

आता कंसातले दोन आकडे. पहिला मेजर नंबर, दुसरा मायनर. ८,२ दिसलं तर ८ म्हणजे एसडी प्रकारची डिस्क, आणि ८,२ म्हणजे एसडीए-२. २५९ दिसलं तर बहुतेक एनव्हीएमईचं, म्हणजे आजकालच्या लॅपटॉपमधल्या एसएसडीचं पार्टिशन. म्हणजे खरे आकडे दिसले की समजायचं कर्नलला डिस्क सापडली, पार्टिशनही सापडलं, फक्त त्यावरची फाइलसिस्टिम त्याला वाचता येत नाहीये, एक्स्ट-४ किंवा बीटीआरएफएस जे काही असेल त्याचा ड्रायव्हर आत नाही. हा सोपा प्रकार. आणि ०,० म्हणजे रूट म्हणून जे नाव दिलं त्याचं डिव्हाइसमध्ये रूपांतरच झालं नाही, कर्नलच्या हातात काहीच नाही.

०,० मध्ये परत दोन वाटा फुटतात. पार्टिशनची यादी पूर्ण रिकामी असेल तर डिस्कच्या कंट्रोलरचा ड्रायव्हर लोड झालेला नाही, एक तर तो नाहीच, नाही तर मॉड्यूल आहे आणि इनिटरॅमएफएसमधून आला नाही. पण यादीत तुमची डिस्क, तिची सगळी पार्टिशन्स व्यवस्थित दिसतायत आणि तरीही ०,०, तर डिस्कच्या मागे लागू नका, भानगड इनिटरॅमएफएसची आहे. का ते सांगतो, कारण मला स्वतःला हे कळायला फार वेळ लागला. ग्रब जी एन्ट्री बनवतो त्यात बहुतेक वेळा रूट इज इक्वल टू यूयूआयडी असं असतं. ही यूयूआयडी फाइलसिस्टिमची असते, आणि ती वाचायची अक्कल कर्नलमध्ये नाहीच, ते काम इनिटरॅमएफएसमधले प्रोग्रॅम करतात. कर्नलला स्वतःला कळते ती पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशन टेबलमधली ओळख, किंवा सरळ /डेव्ह/एसडीए-२ सारखं नाव. त्यामुळे इनिटरॅमएफएस लोड झालाच नाही किंवा उघडला नाही, तर डिस्क डोळ्यासमोर असूनही कर्नल म्हणतो मला रूट सापडत नाही. तपासायचं असेल तर ब्लकआयडी कमांडने पार्टयूयूआयडी काढा, ग्रबमध्ये त्या बूटपुरतं रूटचं मूल्य बदला, आणि डिस्कचा आणि फाइलसिस्टिमचा ड्रायव्हर बिल्ट-इन असेल तर मशीन सुरू होईल. झालं तर निदान पक्कं, कर्नल ठीक आहे, इनिटरॅमएफएस बघा.

आता माझ्या चार वेळा.

पहिल्या वेळी यादी रिकामी होती. मी लोकलमॉडकॉन्फिगवर (त्याबद्दल खाली बोलतो) कॉन्फिग, म्हणजे कर्नलमध्ये काय काय घ्यायचं त्याची यादी, बारीक केलेली आणि त्यावर एनव्हीएमई मॉड्यूल म्हणून राहिलेलं, तेवढ्याने काही बिघडत नाही, इनिटरॅमएफएसमधून ते लोड होतं. पण मी मेक इन्स्टॉल आधी केलं आणि मेक मॉड्यूल्स इन्स्टॉल नंतर. डेबियन घराण्यात मेक इन्स्टॉल चालवलं की तेच पुढे इनिटरॅमएफएस बनवायचा हुकूम सोडतं आणि ग्रबही अपडेट करतं, आणि त्या क्षणी /लिब/मॉड्यूल्समध्ये नवीन व्हर्जनचं फोल्डरच नव्हतं, म्हणजे आत एकही मॉड्यूल नसलेला इनिटरॅमएफएस तयार झाला. खरं तर त्यावेळी टर्मिनलवर वॉर्निंग येते की लिब मॉड्यूल्स मिसिंग आहे, ती शेकडो ओळींत वाहून गेली. इथे एक बारकावा आहे, अशा वेळी बऱ्याचदा पॅनिक येतच नाही, बिझीबॉक्सचा इनिटरॅमएफएस असं लिहिलेला प्रॉम्प्ट येतो आणि वर अलर्ट, अमुक यूयूआयडी डझ नॉट एक्झिस्ट. माझ्याकडे आधी हा प्रॉम्प्टच आला, आणि मग मी घाईत ती फाइल डिलीट करून ग्रब अपडेट केल्यावर ०,० आलं. प्रॉम्प्ट आला तर ती चांगली खूण समजा, कर्नल उठला, इनिटरॅमएफएस उघडला, फक्त आत हवं ते मॉड्यूल नाही. तिथेच यूनेम -आर करा आणि /लिब/मॉड्यूल्समधल्या फोल्डरचं नाव बघा, दोन्ही अक्षर न् अक्षर सारखी हवीत.

हे नाव जुळणं पण एक दुखणं आहे. गिटमधून सोर्स घेतला असेल आणि टॅगच्या पुढे एखादा कमिट असेल किंवा स्वतः एक पॅच मारला असेल तर व्हर्जनच्या शेवटी अधिकचं चिन्ह लागतं. बिल्ड करताना एक नाव आणि पॅच मारल्यावर परत मेक केलं तर दुसरं नाव, मग अर्धे मॉड्यूल्स एका फोल्डरमध्ये आणि इमेज दुसऱ्या नावाची. मी आता लोकलव्हर्जनमध्ये, म्हणजे व्हर्जनला जोडायच्या शेपटात, स्वतःचा छोटा शब्द घालतो आणि इन्स्टॉलच्या आधी मेक कर्नलरिलीज चालवून जे नाव येईल ते कागदावर नाही तर एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो, पुढच्या सगळ्या कमांडला तेच.

दुसऱ्या वेळी डिस्क यादीत दिसत होती आणि तरी ०,०. इनिटरॅमएफएसची फाइल /बूटमध्ये होती का, तर नव्हतीच. कारण /बूट भरलेलं. माझं /बूट वेगळं पार्टिशन आहे, फार मोठं नाही, आणि डिबग इन्फो चालू ठेवून बिल्ड केलेले मॉड्यूल्स इतके अवाढव्य होतात की त्यांचा इनिटरॅमएफएस नेहमीच्या कित्येक पट फुगतो. जागा संपली, फाइल बनलीच नाही, आणि ग्रबला इनिटरॅमएफएस सापडला नाही की तो बिनतक्रार इनिटआरडीच्या (इनिटरॅमएफएस लोड करणाऱ्या) ओळीशिवाय एन्ट्री लिहून मोकळा होतो. एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं, आणि शेवटी पॅनिकच्या स्क्रीनवर जागा संपल्याचा कुठे उल्लेखही नाही. उपाय साधा आहे, मॉड्यूल्स इन्स्टॉल करताना इन्स्टॉल_मॉड_स्ट्रिप=१ द्यायचं, डिबगचा भाग कापला जातो, फाइल परत माणसात येते. आणि /बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी उघडून आपल्या एन्ट्रीत लिनक्सच्या ओळीखाली इनिटआरडीची ओळ आहे का ते डोळ्यांनी बघायचं, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. फुगलेल्या फाइलचा दुसरा त्रास म्हणजे कधी कधी ग्रबच आऊट ऑफ मेमरी म्हणून थांबतो, त्यालाही हाच इलाज.

तिसरी वेळ सगळ्यात छळणारी. डिस्क यादीत आहे, इनिटरॅमएफएसची फाइल आहे, साइज बरोबर, ग्रबमध्ये ओळ आहे, एलएसइनिटरॅमएफएसने यादी काढली तर सगळं जागच्या जागी. तरी ०,०. दोन संध्याकाळी गेल्या. शेवटी व्हिडिओ परत पहिल्यापासून बघितला तेव्हा पॅनिकच्या बऱ्याच वर, सुरुवातीच्या भागात एक ओळ सापडली, इनिटरॅमएफएस अनपॅकिंग फेल्ड, आणि पुढे कॉम्प्रेशनची पद्धत कॉन्फिगर केलेली नाही अशा अर्थाचं काहीतरी. झालं असं होतं की वर्षभरापूर्वी मेन्यूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिगचे ऑप्शन निवडायच्या मेनूत) छाटणी करताना मला इनिटरॅमएफएस उघडायच्या पद्धतींची यादी दिसली, जीझिप, बीझिप-२, एलझेडएमए, एक्सझेड, एलझेडओ, एलझेड-४, झेडएसटीडी, तब्बल सात, आणि मी जीझिप ठेवून बाकीच्या काढून टाकल्या होत्या. तेव्हा माझी सिस्टिम जीझिपच वापरत होती म्हणून सगळं चाललं. मग डिस्ट्रो अपग्रेड केल्यावर इनिटरॅमएफएस झेडएसटीडीने दाबला जाऊ लागला, तो उघडायची सोय कर्नलमध्ये ५.९ पासून आहे, पण माझ्या कॉन्फिगमध्ये मी ती बंद केलेली. कर्नलच्या दृष्टीने ती फाइल म्हणजे कुलूपबंद पेटी. आणि हे शोधताना अजून एका गोष्टीने फसवलं, फाइल कमांड लावली तर ती म्हणते साधं सीपीआयओ आर्काइव्ह, म्हणजे दाबलेलंच नाही. कारण प्रोसेसरच्या मायक्रोकोडचा एक छोटा न दाबलेला तुकडा पुढे चिकटवलेला असतो आणि फाइल कमांड फक्त तेवढंच बघते. कोणती पद्धत आहे ते डेबियन-उबंटूत /ईटीसी/इनिटरॅमएफएस-टूल्समधल्या कॉन्फमध्ये कॉम्प्रेस या शब्दापुढे दिसतं, तिथे बघा. आणि त्या सातही पद्धती मिळून कर्नल काही फार मोठा होत नाही हो, कृपा करून राहू द्या त्या.

चौथ्या वेळी यादी परत रिकामी, आणि मला वाटलं पहिल्या वेळचंच परत झालं. तसं नव्हतं. एनव्हीएमई तर पहिल्या वेळेनंतरच मी बिल्ट-इन केलं होतं, कॉन्फिगमध्ये वाय. पण मधल्या काळात फर्मवेअर अपडेट केल्यावर बायोसच्या सेटिंग्ज मूळपदावर गेल्या आणि व्हीएमडी नावाचं सेटिंग चालू झालं. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर हे असतं, ते चालू असलं की एनव्हीएमई डिस्क थेट पीसीआय बसवर न दिसता व्हीएमडीच्या आडोशाला जाते, आणि व्हीएमडीचा ड्रायव्हर नसेल तर कर्नलला डिस्क अजिबात दिसत नाही. डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये तो ड्रायव्हर असतो म्हणून जुना कर्नल बिनघोर चालू होत होता, आणि मी मात्र लोकलमॉडकॉन्फिग चालवलं तेव्हा ते सेटिंग बंद होतं म्हणून माझ्या कॉन्फिगमधून तो ड्रायव्हर गळून गेलेला.

इथे लोकलमॉडकॉन्फिगबद्दल थोडं बोलायलाच हवं कारण बहुतेकांचं दुखणं तिथूनच सुरू होतं. ते काय करतं, तर आत्ता या क्षणी एलएसमॉडमध्ये जे मॉड्यूल्स दिसतायत तेवढे ठेवतं आणि बाकीचे काढतं. बिल्ड तासाभरावरून काही मिनिटांवर येतं म्हणून सगळ्यांना आवडतं, मलाही आवडतं. पण या क्षणी हा शब्द महत्त्वाचा. पेन ड्राइव्ह लावलेला नाही, यूएसबी स्टोरेज गेलं. व्हीपीएन चालू नाही, त्याला लागणारा टन (टीयूएन) ड्रायव्हर गेला. फार भोवणारं म्हणजे ईएफआय पार्टिशन माउंट नसताना चालवलं तर त्या पार्टिशनची फाइलसिस्टिम व्हीफॅट आणि तिच्यासोबतचे कोडपेजचे मॉड्यूल्स जातात, मग बूट तर होतं पण /बूट/ईएफआय माउंट न झाल्यामुळे सिस्टिम इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते आणि माणूस समजतो कर्नलच बिघडला. चालवायचंच असेल तर आधी एकदा सगळी उपकरणं लावा, ब्लूटूथ जोडा, कॅमेरा उघडा, प्रिंटर लावा, आणि मग एलएसमॉडचं आऊटपुट एका फाइलमध्ये साठवून तीच फाइल दर वेळी एलएसमॉड= असं देऊन वापरा. म्हणजे निदान त्या दिवशी काय लावलं होतं यावर कर्नल अवलंबून राहत नाही.

दुसरा गुपचूप बदल करणारा म्हणजे ओल्डडेफकॉन्फिग. जुनी डॉट कॉन्फिग नवीन सोर्समध्ये टाकली आणि हे चालवलं की नवीन ऑप्शनला डीफॉल्ट उत्तर दिलं जातं आणि जे ऑप्शन आता अस्तित्वात नाहीत ते न सांगता गाळले जातात. कर्नलमध्ये ऑप्शनची नावं बदलतात, दोन एकत्र होतात, जुने ड्रायव्हर निघतात, ५.१४ मध्ये जुने आयडीईचे ड्रायव्हर पूर्ण काढले, ६.१३ मध्ये रायझरएफएस काढलं, त्यावर कुणाचं रूट असेल तर तो कर्नल त्यांच्यासाठी ०,० नाही तरी दुसरे आकडे घेऊन पॅनिकच. आणि अजून एक फसवा प्रकार, तुम्ही वाय, म्हणजे बिल्ट-इन, मागितलेलं असतं पण मिळतं एम, म्हणजे मॉड्यूल. उदाहरणार्थ सेटा डिस्कवाल्यांनी त्यांच्या ड्रायव्हरला, एएचसीआयला, वाय दिलं पण त्याचा आई-बाप जो एटीए ऑप्शन तो एम असेल तर एएचसीआय पण निमूट एम होतो. कॉन्फिगच्या भाषेत मूल पालकापेक्षा वरचढ होऊ शकत नाही. इनिटरॅमएफएसशिवाय बूट करणाऱ्यांना हे हमखास नडतं. ओल्डडेफकॉन्फिगच्या आधी मेक लिस्टन्यूकॉन्फिग चालवलं तर निदान नवीन काय आलंय ते दिसतं, यादी लांब असते पण नजर टाकावी.

तर मूळ चूक काय होती, तर मी ती हजारो ओळींची डॉट कॉन्फिग फाइल म्हणजेच माझी कॉन्फिग असं धरून चाललो होतो आणि वर्षानुवर्षं तीच पुढे नेत होतो. त्यातल्या माझ्या स्वतःच्या निर्णयाच्या ओळी किती, जेमतेम पंधरा. बाकी सगळं डिस्ट्रोचं किंवा डीफॉल्ट. आणि त्या पंधरा ओळी कुठल्या हे मलाच सांगता येत नव्हतं, म्हणून कधी कुठली गळली ते कळत नव्हतं. आता मी त्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये ठेवल्यात. साधारण अशी आहे, नावं कर्नलमधलीच:

कॉन्फिग_बीएलके_डेव्ह_इनिटआरडी=वाय
कॉन्फिग_आरडी_जीझिप=वाय
कॉन्फिग_आरडी_झेडएसटीडी=वाय
कॉन्फिग_बीएलके_डेव्ह_एनव्हीएमई=वाय
कॉन्फिग_व्हीएमडी=वाय
कॉन्फिग_एटीए=वाय
कॉन्फिग_सेटा_एएचसीआय=वाय
कॉन्फिग_एक्स्ट४_एफएस=वाय
कॉन्फिग_व्हीफॅट_एफएस=वाय
कॉन्फिग_एनएलएस_कोडपेज_४३७=वाय
कॉन्फिग_एनएलएस_आयएसओ८८५९_१=वाय
कॉन्फिग_डेव्हटीएमपीएफएस=वाय

पुढे दोन-तीन माझ्या हौसेच्या ओळी. एलयूकेएस एन्क्रिप्शन असेल तर डीएम-क्रिप्ट त्यात घाला, बीटीआरएफएस असेल तर ते घाला.

दर नवीन व्हर्जनला मी जुनी डॉट कॉन्फिग आणतच नाही. डिस्ट्रोच्या ताज्या कर्नलची कॉन्फिग /बूटमधून कॉपी करतो, स्क्रिप्ट्स/केकॉन्फिगमधली मर्ज_कॉन्फिग स्क्रिप्ट -एम देऊन माझी फाइल तिच्यावर चढवतो, मग ओल्डडेफकॉन्फिग. आणि यानंतरची एक ओळ सगळ्यात मोलाची, ग्रेप -व्हीएक्सएफएफ, त्यातला पहिला एफ कॅपिटल आणि दुसरा स्मॉल, पुढे डॉट कॉन्फिग आणि त्यापुढे माझी फाइल. याचा अर्थ माझ्या फाइलमधल्या ज्या ओळी शेवटच्या कॉन्फिगमध्ये जशाच्या तशा नाहीत त्या दाखव. काहीच छापलं गेलं नाही तर सगळं मागितलं तसं मिळालं. एखादी ओळ छापली गेली तर बिल्ड सुरूच करायचं नाही, मेन्यूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबून तो ऑप्शन शोधायचा, तिथे डिपेंड्स ऑन पुढे कोण अडवतंय ते लिहिलेलं असतं. परवाच एका व्हर्जनला एएचसीआयची ओळ छापली गेली आणि बघितलं तर माझ्या फाइलमध्ये एटीएची ओळ लिहायची राहिली होती, ती तेव्हा घातली. पूर्वी हेच मला काळ्या स्क्रीनवर कळलं असतं.

डिस्ट्रोची कॉन्फिग घेतली की दोन किरकोळ अडथळे ठरलेले, ते बूटचे नाहीत, बिल्डचे आहेत, म्हणून पटकन सांगतो. एक, सर्ट्सच्या फोल्डरवर येऊन नो रूल टू मेक टार्गेट म्हणून थांबतं कारण कॉन्फिगमध्ये डिस्ट्रोच्या सर्टिफिकेटचा पाथ असतो आणि ती फाइल तुमच्याकडे नसते, सिस्टिम_ट्रस्टेड_कीज आणि सिस्टिम_रिव्होकेशन_कीज दोन्हींना रिकामी स्ट्रिंग द्या. दोन, बीटीएफसाठी पाहोल नाही म्हणून तक्रार येते, ड्वार्व्ह्ज नावाचं पॅकेज टाका. आणि सिक्युअर बूट चालू असेल तर ग्रबच बॅड शिम सिग्नेचर म्हणून कर्नल लोड करायला नकार देतो, ते पॅनिक नाही, इमेजवर स्वतःच्या कीने सही करावी लागते किंवा सिक्युअर बूट बंद.

इन्स्टॉलचा क्रम आता हात आपोआप करतो, आधी मॉड्यूल्स, स्ट्रिप लावून, मग डीएफने /बूटमध्ये जागा किती ते बघायचं, मग मेक इन्स्टॉल, मग एलएसइनिटरॅमएफएसला एनव्हीएमईचा ग्रेप, मग ग्रब.सीएफजीत इनिटआरडीची ओळ. फेडोरासारख्या ड्राकट वापरणाऱ्यांना एलएसइनिटआरडी, आर्चवाल्यांना एलएसइनिटसीपीआयओ, काम तेच. फक्त एक लक्षात घ्या, एनव्हीएमई बिल्ट-इन केलं असेल तर ते इनिटरॅमएफएसच्या यादीत दिसणार नाही आणि ते बरोबरच आहे, ते आता कर्नलच्या पोटात आहे, /लिब/मॉड्यूल्समधल्या मॉड्यूल्स.बिल्टिन फाइलमध्ये बघा.

आणि रीबूटच्या आधी एक चाचणी आहे जी मला तिसऱ्या वेळेनंतर सुचली आणि आता मी ती कधीच चुकवत नाही. क्यूईएमयूमध्ये तोच बीझेडइमेज (बिल्ड झालेल्या कर्नलची फाइल) आणि तोच इनिटरॅमएफएस देऊन व्हर्च्युअल मशीन उठवायचं, -कर्नल, -इनिटआरडी, -नोग्राफिक, -अपेंडमध्ये कन्सोल=टीटीवायएस०, आणि -एम २जी नक्की द्या, कारण मेमरी सांगितली नाही तर ते फार कमी घेतं आणि इनिटरॅमएफएस मावत नाही म्हणून उगाच वेगळाच पॅनिक दिसतो. या मशीनला डिस्क दिलेलीच नाही त्यामुळे ते शेवटी रूट सापडत नाही म्हणून इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर थांबेल, आणि आपल्याला तेवढंच बघायचंय. प्रॉम्प्ट आला म्हणजे कर्नलने इनिटरॅमएफएस उघडला. झेडएसटीडीची माझी चूक इथे दहा सेकंदांत पकडली गेली असती, आणि सगळा लॉग टर्मिनलवर, वर स्क्रोल करून वाचता येतो, मोबाइल नको की व्हिडिओ नको. व्हीएमडीसारखी खऱ्या हार्डवेअरची गोष्ट मात्र यात कळणार नाही, त्यासाठी एलएसपीसीआय -के लावून तुमच्या डिस्कच्या वाटेत कोणकोणते ड्रायव्हर आहेत ते एकदा लिहून त्या छोट्या फाइलमध्ये घाला.

रीबूट करताना नवीन कर्नल डीफॉल्ट करू नका. ग्रबच्या सेटिंगमध्ये ग्रब_डीफॉल्ट=सेव्ह्ड करून ग्रब अपडेट करा, ग्रब-सेट-डीफॉल्टने जुना चालता कर्नल पक्का करा, आणि ग्रब-रीबूट कमांडने फक्त पुढच्या एका बूटसाठी नवीन एन्ट्री निवडा, ती सबमेन्यूत असेल तर आधी सबमेन्यू, मग मोठं असल्याचं चिन्ह, मग एन्ट्री असं द्यावं लागतं. नवीन एन्ट्रीच्या ओळीत पॅनिक=१० घाला. मग पॅनिक झालाच तर १० सेकंदांनी मशीन आपोआप रीबूट होतं आणि जुन्या कर्नलमध्ये येऊन उभं राहतं, दूरच्या सर्व्हरवर हे करत असाल तर यावाचून हात लावू नका. एकच अट, ग्रबला स्वतःची एन्व्हायरनमेंट फाइल, जिच्यात ही निवड साठते ती, लिहिता आली पाहिजे, /बूट साध्या एक्स्ट-४ पार्टिशनवर असेल तर येते, एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर असेल तर बहुतेक वेळा ग्रब तिथे लिहू शकत नाही, मग निवड पुसली जात नाही आणि मशीन परत परत त्याच बिघडलेल्या कर्नलमध्ये शिरत राहतं. तिथे स्क्रीनसमोर बसूनच मेनूतून हाताने निवडा, आणि व्हिडिओ काढायचा असेल तर पॅनिक=१० च्या जागी ६० द्या म्हणजे शेवटच्या ओळी वाचायला वेळ मिळतो.